देव्हाऱ्यातली कॅसेट

मित्रांनो, माझ्या अंगाला कुंकवाचा वास येतो, म्हणून मला पूजेची डबी समजू नका. मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या पोटात एकच गाणं होतं, म्हणून मला 'सिंगल' म्हणत.

ते गाणं मुळशीच्या दोन मैत्रिणींनी मिळून केलं. शब्द आणि गळा गौतमीचा, चाल आणि कीबोर्ड कल्पनाचा. ठेका यंत्राचा, सूर टोकदार. न्यू वेव्ह पॉप म्हणत त्याला. विषय मात्र इथलाच, धरणाच्या पलीकडच्या काठावर लागलेला दिवा. पौडला रंभाबाईंच्या चहाच्या टपरीवर मी दिवसभर वाजायचे. त्या म्हणायच्या, "हे गानं हाय का गिरणी? पर लाव गं पुन्यांदा."

माझ्या पाठीवर प्लास्टिकचे दोन बारके दात होते. दात मोडला की त्या बाजूवर कुणाला दुसरं काही भरता येत नाही. गाण्याच्या बाजूचा दात कल्पनाने मोडला. दुसरा गौतमीने राखला. म्हणाली, "मागची बाजू कोरी हाय. दुसरं गानं झालं की मी मोडीन."

दुसरं गाणं झालंच नाही. गौतमी नोकरीसाठी नागपूरला गेली. कल्पनाने मला देव्हाऱ्यात ठेवलं. रोज आंघोळ करून ती दिवा लावी, देवांना हळद-कुंकू वाही आणि चिमूटभर मलाही. वाजवलं तर झिजेन, या भीतीने पस्तीस वर्षांत तिने मला एकदाही वाजवलं नाही.

गेल्या चैत्रात गौतमी आली. घशाच्या ऑपरेशनने तिचा आवाज गेला होता. उरली होती नुसती कुजबुज. "माझा आवाज एकदा ऐकू दे," ती म्हणाली. तिच्याजवळची कॅसेट कधीच हरवली होती.

कल्पनाने मला टेपमध्ये घातलं. मी जीव तोडून गायला गेले, पण कुंकू फितीत उतरलं होतं. घरघर झाली आणि गाण्याची फीत चुरगळून चाकांत अडकली.

"मीच घालवला गं तुझा आवाज," कल्पना म्हणाली.

गौतमीने अडकलेली फीत सोडवून मला बाहेर काढलं. मग कुजबुजली, "कल्पे, आमी देव मानत न्हाई, अन् तू मलाच देव्हाऱ्यात बसवलंस व्हय!"

हसता हसता दोघींना रडू आलं.

मग गौतमीने पेन्सिलीने मला हळूहळू फिरवलं. गाण्याच्या पुढची, आतली कोरी वेटोळी स्वच्छ होती. तिने मला उलटं घातलं. "ह्यो दात अजून हाय. गा."

"मला कुटं गाता येतंय?"

"मग रोज आरती कोन म्हनतं?"

गौतमी कानाशी त्याच गाण्याची एकेक ओळ सांगत गेली, कल्पना गात गेली. माझ्या मागच्या बाजूवर आता आधी कुजबुज येते, मग गाणं. गाऊन झाल्यावर गौतमीने नखाने दुसरा दात मोडला.

मित्रांनो, ज्यावर तुमचा जीव आहे, त्याला नुसतं पुजू नका. जपून हाताळा, पण वाजू द्या. हल्ली सांजवात झाली की कल्पना मला लावते. मी थोडी थोडी झिजते आहे. झिजू दे.