रिकामा न चालणारा रकाना

कॉम्प्युटरने चांगुणाबाईंचा अर्ज पुन्हा परत फेकला. नवऱ्याच्या मृत्यूची तारीख भरा, एवढाच त्याचा हट्ट.

आमचा ट्रस्ट जुन्या जालन्यात. विधवांना शिलाई मशीन द्यायचा, आणि त्यांची नावं भरायला दोन हजार तीन सालापासून मी. चांगुणाबाई वाटूरहून आलेल्या, कपाळाला कुंकू, हातात चुडा. नवरा कडूबा कित्येक वर्षांपूर्वी सुरतेला कामाला गेला तो परतलाच नाही. ना पत्र, ना निरोप. सरपंचांनी तसं लिहून दिलेलं. आमचे अध्यक्ष काकासाहेब म्हणाले, बाई खरी गरजू आहे, घ्या यादीत. म्हणायला त्यांचं काय जातं! यादी त्याच संध्याकाळी बंद होणार होती.

रोज मरणाच्या तारखा भरून माझं मन निबर झालं होतं. मला बाईंचं वाईट वाटलं नाही, कॉम्प्युटरचा राग आला. अडवतंय कोण, पडद्यावरचा फॉर्म की आत माहिती साठवणारा तक्ता, हे बघायला मी तक्त्याची रचना उघडली. कुठला रकाना केवढा, त्यात अक्षरं की तारीख, रिकामा चालतो की नाही, सगळं तिथे नोंदलेलं असतं. शिक्षण रिकामं चालत होतं. वय नसलं तरी चालत होतं. मृत्यूची तारीख मात्र रिकामी चालत नव्हती. ते बदलणं प्रोग्राम लिहिणाऱ्या औरंगाबादच्या माणसाच्या हातात. त्याला फोन लावला तर म्हणाला, टाका कुठलीही, कोण बघतंय.

कुठलीही म्हणजे एक जानेवारी. टाकणारच होतो, पण मरण बाईंच्या घरचं, म्हणून कुठली टाकू ते त्यांनाच विचारलं.

चांगुणाबाई पडद्याजवळ सरकल्या.

"मागची नका टाकू भाऊ," त्या म्हणाल्या. "समदे सण मी सवाष्णीचे केलेत. कालपस्तोर त त्यो जित्ताच व्हता. आजची टाका मंग."

मी आजची टाकली. अर्ज बिनतक्रार आत गेला. मशीन मिळेल, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि नळाला पाणी आहे का, ते विचारलं. तहान लागली असेल म्हणून मी अंगणातला नळ दाखवला आणि पुढचा अर्ज ओढला.

थोड्या वेळाने खिडकीतून नजर गेली. चांगुणाबाई नेसत्या लुगड्यानिशी नळाखाली बसल्या होत्या. घरात मयत झाल्यावर करतात ती आंघोळ त्या करत होत्या. रडत नव्हत्या. मग उठल्या, पदर पिळला आणि ओलेत्यानेच स्टँडकडे निघाल्या.

त्या मयतीला दुसरं कुणीच नव्हतं. मी हातातला अर्ज ठेवला आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो.