सुविचाराखालची जागा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. दिल्लीतल्या एका छोट्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात मी टांगलेला असतो. माझ्यावर रोज सुविचार लिहितात. येणारे पाहुणे तो वाचतात, मान डोलावतात आणि चहाला जातात. मला मात्र हल्ली जागच्या जागी चैन पडत नाही.

माझं मूळ घर म्हणजे गणिताचा वर्ग. सुताराने मला सागवानी चौकट घातली ती तिथेच. गणिताचे सर अण्णासाहेब माझ्यावर असे शिकवत, की चुकलेल्या मुलालाही आपली चूक पाहून गंमत वाटे. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. नेमणूक होईल, होईल म्हणता म्हणता वर्गाला कुलूप लागलं आणि मी व्हरांड्यात आलो. उपदेशाला मास्तर थोडाच लागतो.

सुविचार लिहायचं काम दहावीतल्या माधवीकडे होतं. तिचे वडील करोल बागेत गाड्यांच्या पार्ट्‌सच्या दुकानात हमाली करतात. एका मोठ्या शाळेत अकरावीला सायन्स घ्यायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं. प्रवेश परीक्षा पास झाली तर तिथे फी माफ होणार होती. मधल्या सुट्टीत बाकीच्यांचे डबे उघडत, तेव्हा ही सुविचाराखालच्या जागेत गणितं सोडवी. पुस्तकात बघून, एकटीच. कंसाबाहेर वजा असला की ती आतलं पहिलंच चिन्ह बदलायची, पुढची तशीच ठेवायची. रोज नेमाने तीच चूक. मला ती दिसत होती, पण फळ्याला तोंड कुठे? मी नुसता तळमळायचो.

सुधन्वा पूर्वी तिच्याच वर्गात होता. त्याचे वडील सरकारी अधिकारी. त्यांनी त्याला नववीत दुसऱ्या शाळेत घातलं, वर ट्यूशनही लावली. दोघांनी एकच परीक्षा दिली. सुधन्वा पास झाला आणि माधवी गणितात राहिली.

मुख्याध्यापिका इंदुमतीबाईंनी सुधन्वाचा सत्कार ठेवला. बाई मनाने वाईट नाहीत, पण सुविचारांवर त्यांचा फार भरवसा. त्यांनी माधवीकडूनच माझ्यावर 'प्रयत्नांती परमेश्वर' लिहून घेतलं आणि लहान मुलांना त्याचा अर्थही तिलाच सांगायला लावला.

माधवी दिल्लीत वाढलेली. ती म्हणाली, "अंत म्हणजे खतम ना, बाई? प्रयत्न खतम झाले, की मग परमेश्वर."

मुलं हसली. तसं नव्हे, शेवटपर्यंत प्रयत्न केले की देव पावतो, असं बाईंनी समजावलं.

"ते तर केले, बाई."

आता कोणी हसलं नाही. सुधन्वाने हातातला गुच्छ खाली ठेवला. "ही माझ्यापेक्षा जास्त अभ्यास करते, बाई. मी तर दुपारी झोपायचो. माझं चुकलं की सर लगेच सांगायचे, बस."

बाईंना ते लागलं. परवा शाळेचे एक हितचिंतक आले, तेव्हा त्यांनी गणिताच्या सरांचा विषय काढला. बघू, म्हणाले ते. फळ्याला नवा रंग द्यायचं मात्र लगेच कबूल केलं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची रीत अशी, की शेवटी 'आम्हाला जपा' म्हणून विनवायचं. मी तसं विनवणार नाही. माझा रंग उडू दे, चौकटीला वाळवी लागू दे. त्या वर्गाचं कुलूप तेवढं काढा.

माधवी आता याच शाळेत अकरावीला आर्ट्‌सला आहे. मधल्या सुट्टीत ती नववीतल्या विनयाला गणित शिकवते, अगदी मन लावून. कंसाबाहेर वजा असला की पहिलं चिन्ह बदलायचं, सांगते. पुढची तशीच ठेवायची.

कोणीतरी लवकर या.