परवानगीशिवाय वाजलेला डफ

मित्रांनो, एका पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत, गंजलेल्या सायकलींच्या मागे एक जुना डफ पडून आहे. तो मी. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका छोट्या कारखान्यात माझ्यावर कातडं चढलं आणि जांभूळजवळच्या एका गावच्या कोतवालाने मला विकत घेतलं. त्याचं नाव हरिचंद्र.

सरकारचे निरोप गावाला सांगणं हे कोतवालाचं काम. हरिचंद्र मला गळ्यात अडकवून आळीआळीने फिरायचा, मला बडवायचा आणि खड्या आवाजात सांगायचा, की शाळेत लसीकरण आहे, घरपट्टी भरा, मतदानाला चला. पोरं मागे धावायची. पावसाळ्यात माझं कातडं सैल पडलं की त्याची बायको मोतीबाई मला चुलीपाशी शेकायची. एका पंधरा ऑगस्टला तहसीलदार साहेबांनी हरिचंद्राला शाल दिली, तेव्हा मी त्याच्या गळ्यातच होतो. आपण सरकारचेच आहोत, असं मला वाटायचं.

पुढे निरोप मोबाइलवर येऊ लागले. हरिचंद्र निवृत्त झाला आणि मी खुंटीला लागलो.

मग एक दिवस नदीकाठच्या स्मशानाभोवती पत्रे उभे राहिले. तिथून रस्ता जाणार होता. गावाला कोणी विचारलं नव्हतं. माणसं कचेरीत जाऊन आली, त्यांना ‘बघू’ एवढंच उत्तर मिळालं. त्या संध्याकाळी मोतीबाईने मला खाली काढलं, पुसलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

“जलमभर त्यांचा सांगितलाव,” ती म्हणाली. “आज आपला सांगा.”

हरिचंद्राने मला बडवत आळीआळीने सांगितलं, की उद्या स्मशानापाशी या. सकाळी सगळं गाव स्मशानापाशी येऊन बसलं. कोणी दगड उचलला नाही की शिवी दिली नाही. तरी दुपारी पोलिसांची गाडी आली. जमावबंदी लागू आहे, असं कळलं. तसा हुकूम निघाल्याचं गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण दवंडी देणारं कोणी उरलंच नव्हतं. हरिचंद्राला गाडीत बसवलं, मलाही उचललं. पुन्हा लोक जमवणार नाही, असं लिहून घेऊन त्याला सोडलं. मला चिठ्ठी बांधून इथे ठेवलं.

सुरुवातीला तो मला मागायला यायचा. केस संपल्यावर मिळेल, असं ऐकून परत जायचा. मग येईनासा झाला.

एका सकाळी मात्र दाराबाहेर त्याचा आवाज आला. मी ओळखलाच नाही, इतका तो बारीक झाला होता.

“साहेब, बायको गेली. मयताला मानसा बोलवू का?”

साहेब तरुण होते. ते खुर्चीतून उठले. “बाबा, मयताला कोण अडवणार? त्याला परवानगी लागत नाही.”

“लागत नाय, ते मना पन ठावं हाय,” हरिचंद्र म्हणाला. “तरी इचारल्याबिगर पाय घराकडं वलला नाय.”

साहेबांनी त्याला पाणी दिलं. त्याने ते घेतलं नाही.

गावचं स्मशान रस्त्याखाली गेलं होतं, म्हणून मोतीबाईला बदलापुरात नेऊन अग्नी दिला, असं नंतर त्या बाजूला राहणारा शिपाई अल्पेश सांगत होता. हरिचंद्राने कोणाच्या दारात जाऊन सांगितलं नाही. ज्यांना आपसूक कळलं, तेवढेच आले. साऱ्या गावाला हाक देणाऱ्या माणसाच्या घरून खांदे द्यायलाही माणसं जेमतेम पुरली.

मित्रांनो, माझं कातडं आता उंदरांनी कुरतडलं आहे. मला घासूनपुसून ठेवा, असं मी सांगणार नाही. हरिचंद्राला कोणी कोंडलेलं नाही, तो मोकळाच आहे, असं सगळे म्हणतात. पण तुमच्या गावात असा मोकळा माणूस गप्प बसलेला दिसला, तर त्याने हाक मारायची वाट बघू नका. तो मारणार नाही. तुम्हीच त्याच्या दारी जा.