काळ्या कोटाचं पिवळं रान

ताईच्या डोळ्यांत मधोमध धुकं उतरलं होतं. कडेकडेचं जग आपल्या जागी होतं: खिडकीची चौकट, दाराचा पडदा, धाकटीच्या शिवणयंत्राचं चाक. पण जिथं नजर लावावी, नेमकं तेवढंच कुणी ओल्या बोटानं पुसून टाकल्यासारखं व्हायचं. आणि ताईचा सारा जन्म तर नेमक्या जागी नजर लावण्यात गेलेला. ती रफू करायची. फाटल्या जागी असा धागा भरायची, की आपण फाटलो होतो हे कापडालाही आठवू नये.

दुकान दोघी बहिणींचं. धाकटी कपडे शिवायची. अलीकडे ताईची कामं बिघडू लागली, तेव्हा धाकटीनं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, की जादूगाराचा कोट नीट झाला तर खिडकीजवळचं टेबल तुझंच राहील. नाहीतर तिथं इस्त्री येईल आणि तू गल्ल्यावर बस. त्यापेक्षा मला साडी नेसवून काचेत उभी कर, असं ताई म्हणाली होती. पण त्या दिवसापासून टेबलावरून जाताना तिचा तळवा उगाच रेंगाळायचा.

कोट काळाभोर, मनगटापाशी खिळ्याला अडकून फाटलेला. लोकांची नजर सगळा वेळ माझ्या बाहीवरच असते, असं जादूगारानं बजावलं होतं. तिथं काही दिसलं की जादू मेलीच म्हणून समजा.

दृष्टिकेंद्रातल्या बाईंनी ताईला एक यंत्र दिलं होतं. खाली तबक, वर कॅमेरा, समोर मोठा पडदा. हात कॅमेऱ्याखाली चालवायचे आणि बघायचं पडद्याकडे, तिथं सगळं कितीतरी पट मोठं दिसायचं. जेवायचं एका घरी आणि ढेकर द्यायचा दुसऱ्या घरी, तशी आधी ताईची गत झाली. मग हळूहळू हातच पडद्यात राहायला गेले.

खऱ्या रंगात काळ्यावर काळं काही उमटेना. तिनं बटण दाबलं. गडद ते सगळं पिवळं झालं, फिकट ते काळोखात बुडालं. तिनं फाटल्या जागेखाली पांढरा पुठ्ठा सरकवला. डब्यातून रीळ काढलं, दोरा बाहीवर आडवा टाकला. बाही पिवळी, दोराही पिवळा; जणू एका आईची लेकरं. एवढ्या मोठ्या पडद्यावर खोटं कसं दिसेल, असं तिला वाटलं, आणि तिनं सुई उचलली.

कोट पिकल्या रानासारखा पसरला होता. उभे धागे, आडवे धागे, त्यांच्यामधून बारीक पायवाटा, आणि मधे काळं तळं. सरळ पाहिलं की तळ्याचा काठ विरून जायचा. नजर जराशी बाजूला वळवली की लाजत लाजत परत यायचा. ताई त्या रानात शिरली. रस्त्यावरचे आवाज दूर गेले. सुई एका धाग्यावरून, दुसऱ्याखालून, होडीसारखी चालली. ताई गुणगुणू लागली:

आडवा गं धागा, उभ्या धाग्याला भेटतो
फाटल्या कापडाचा, पुन्हा संसार थाटतो

तळं आटत आटत ओंजळीएवढं झालं, मग थेंबाएवढं, मग नुसतं रान उरलं. तिनं बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

धाकटीनं कोट खिडकीत धरला आणि गप्प झाली. धाकटी गप्प, म्हणजे काहीतरी अघटितच.

"बोल की. तोंडाला टाके घातलेस?"

"वीण अशी भरलीस ताई, की माझं बोट घसरतंय. पण दोरा तांबडा आहे. काळ्या बाहीवर मुंग्यांची रांग निघालीय."

ताईला उमगलं. काळा काय आणि गडद तांबडा काय, पडद्याला दोन्ही पिवळेच. आजवर ती दोरा दारातल्या उन्हात पारखायची. आज नव्या यंत्राच्या भरात पडद्यालाच साक्षीदार केलं होतं.

"आण तुझी इस्त्री," ती म्हणाली आणि यंत्र बंद करायला हात पुढे केला.

पण पडद्यावर काहीतरी आलं. जाड बोटं, बोटांवर नांगरल्यासारख्या रेघा, सुईनं टोचल्याच्या जुन्या खुणा. धाकटीचा हात. धाकटीच्या हातात रीळ होतं. कितीतरी दिवसांत ताईनं तो हात असा पाहिलाच नव्हता. केवढा थकलेला, आणि केवढा ओळखीचा.

"हा घे. उसव आणि पुन्हा भर."

"काळाच ना?"

"बघ की."

"बघून कुठं कळतंय मला? तू सांग."

"काळा आहे, ताई."

ताईनं आणखी काही विचारलं नाही. तांबडे टाके एकेक करून काढले आणि पुन्हा रानात शिरली.

जादूगार आला. कोट अंगात घालून बाही उजेडात फिरवून पाहिली, मग दुसरीही पाहिली. मग त्यानं जरा ओशाळून विचारलं, की नेमकी कुठली बाही फाटली होती? धाकटी सांगणारच होती. टेबलाखालून ताईनं तिच्या पायावर पाय दिला.