खूण न करता

खडकाळ किनाऱ्यावरून पाण्यात उतरायला तिला दादानेच शिकवलं होतं. त्याचा नियम एकच होता: खाली दोघं असतील तर एकट्याने वर यायचं नाही, आधी खूण करायची.

त्या सकाळी ती खडकाच्या कपारीतला ऑक्टोपस बघत होती. मागे वळली तर दादा नाही. लाटाही वाढल्या होत्या. तो कुठेतरी अडकला असणार, या भीतीने तिने एकेक कपार चाचपली. तळहात सोलवटले. पाठीवरच्या टाकीतली हवा संपत आली तेव्हा नाइलाजाने वर येऊन ती रडतच किनाऱ्याला लागली.

दादा तिचाच टॉवेल गुंडाळून बसला होता.

"आलीस? लाटा वाढल्या, म्हणून मी निघालो."

"मला खूण का नाही केलीस?"

"तुझ्यापर्यंत आलो असतो तर मीही अडकलो असतो." तो हसला. "तू काय बाई, पट्टीची पोहणारी!"

तिने टाकी उतरवली आणि अनवाणीच रस्त्याला लागली. दादाची गाडी बराच वेळ तिच्या शेजारून रांगत राहिली.

"अगं, बस ना! वेडी आहेस का?"

तिने मान वळवली नाही.