खूण ठेवायची नसते

संचिताची मुलगी दोन दिवस जगली. ती गेली तेव्हा संचिता डोंबिवलीच्या हॉस्पिटलात सलाइन लावून पडली होती. सासरे तानाजीराव बाळाला दुपट्यात गुंडाळून आपल्या गावी, खडवलीला घेऊन गेले आणि नदीकाठी पुरून आले. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत. त्याचं दहावं नाही की तेरावं नाही. सगळं कसं सुटसुटीत! आईने किती रडायचं, तेही जणू शास्त्रानेच ठरवून टाकलेलं.

संचिता घरी आली तेव्हा टीव्ही चालू होता आणि आमटीला फोडणी पडत होती. तिला दूध मात्र येतच होतं. सासूबाईंनी, रतनबाईंनी, तिच्या छातीला घट्ट पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "रडू नकोस. जीव अडकतो लेकराचा."

"सूरज, कुठे पुरलंय तिला?" तिने नवऱ्याला विचारलं.

"पप्पांना माहीत. मी गाडीतच बसलेलो. मला नाही बघवलं गं."

"खूण ठेवायची नसते, पोरी," तानाजीराव म्हणाले. "मागे वळूनही बघायचं नसतं."

तिला फक्त त्या मातीवर एकदा हात ठेवायचा होता. तेवढ्यासाठी ती सगळा पावसाळा त्यांच्या मागे लागली. दिवाळीच्या तोंडावर ते एकदाचे कबूल झाले. गाडी सूरजने काढली. सून नदीवर तमाशा करेल, या धास्तीने रतनबाईही सोबत निघाल्या.

पुराने काठ पार खाऊन टाकला होता. तानाजीराव एका बाभळीपाशी थांबले, पुढे गेले, परत आले.

"इथेच कुठेतरी... एक झुडूप होतं," असं म्हणत त्यांनी बोट दाखवलं, ते आधी चिखलाकडे आणि मग पाण्याकडे.

संचिता समजली. वाहून गेलं होतं सगळं. हात ठेवायला जागाच उरली नव्हती, आणि याचा राग तरी कुणावर काढायचा, तेही तिला कळेना.

तेवढ्यात मागून रतनबाई म्हणाल्या, "अहो, आणि आपली?"

"आपली कोण?"

"सूरजच्या आधीची. चार दिवसांची होती. तुम्ही म्हणालेलात, नदीवर नेली म्हणून."

सूरज आईकडे बघतच राहिला. आपल्याला एक बहीण होती, हे त्याला आत्ता कळत होतं.

तानाजीरावांनी मान खाली घातली. "तिला अण्णांनी नेलेलं. कुठे ते मी विचारलंच नाही."

"मी पण नाही विचारलं," रतनबाई म्हणाल्या.

अण्णा, त्यांचे सासरे, जाऊन कित्येक वर्षं झाली होती. आता विचारायला कुणीच नव्हतं. रतनबाई मटकन चिखलात बसल्या आणि त्यांनी असा हंबरडा फोडला, की संचिता स्वतःचं रडू विसरली. तिने त्यांना काखेत हात घालून उठवायचा प्रयत्न केला, पण त्या उठेनात. हाताला लागेल तिथली माती दोन्ही हातांनी उकरत राहिल्या.