पूजेतला क्यूब

आमच्या अव्वाची, म्हणजे आईची, कात्री मागायला कुणी येत नाही. एकदा आत्यानं पुड्याचा कागद कापायला ती उचलली, तर अव्वानं भर पाहुण्यांत तिच्या हातातून काढून घेतली. "कापडाची कात्री हाय ती. हत्यार हाय आमचं. हत्यार कुणाला देत न्हाईत." आत्या वर्षभर आमच्याशी बोलली नाही. अव्वाला त्याचं काही वाटलं नाही.

मंगळवार पेठेत पुढं शिवणकामाचं दुकान आणि मागं आमच्या दोन खोल्या. आप्पा कापायचे, अव्वा शिवायची, आणि कॉलेजातून आल्यावर काजं-बटणं माझ्याकडं. फिरवून सहा बाजूंचे रंग जुळवायचा तो क्यूब आप्पांनीच आणला होता, गांधीनगरला अस्तराचं कापड आणायला गेले तेव्हा. तो घरात आला आणि काजं-बटणं मागं पडायला लागली, हे मी नाकारत नाही.

पहिल्यांदा एक बाजू पांढरी जुळली तेव्हा गल्लीभर दाखवत हिंडले. नंतर कळलं, नुसती एक बाजू म्हणजे काहीच नाही. कडेचे रंगही आपापल्या जागी बसले तर एक थर होतो, आणि असे तीन थर. सायबर कॅफेत बसून त्यांची सूत्रं बघितली आणि भाजी निवडताना पाढ्यांसारखी घोकली. क्यूब अडकायला लागला की अव्वाच्या मशीनचं तेल दोन थेंब आत सोडायचं. तेवढ्यावरूनही बोलणी खायची.

तरी मिनिटाच्या आत काही येईना. बोटं अशी पळवायची की शेजारी खडखड ऐकू जावी, आणि मग पुढचा तुकडा कुठं गेला ते शोधत थांबून राहायची. बरेच दिवस मी बोटांनाच शिव्या देत होते. खरा घात थांबण्यानं होत होता. मग मुद्दाम हळू फिरवायला लागले. हात एक तुकडा बसवतायत तोवर डोळ्यांनी दुसरा हेरून ठेवायचा, मधे थांबायचं म्हणून नाही. सुरुवातीला वेळ उलट वाढला आणि मला रडू यायचं. पण एका दुपारी घड्याळाकडं बघितलं तर अजून मिनिट व्हायचं होतं आणि क्यूब जुळून हातात होता. त्यानंतर वेळ कमीच होत गेला.

अव्वाला ह्यातलं काही दिसायचं नाही. "हुच्ची झालीया पोरगी," ती म्हणायची. हुच्ची म्हणजे खुळी. त्याचं मला काही नाही, आमच्या घरात सगळेच एकमेकांना हुच्चे म्हणतात. पण पुढं ती म्हणायची, "घोडी झाली तरी खेळणं सुटंना." खेळणं हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दोन हजार आठच्या नवरात्रात गल्लीतल्या तालीम मंडळानं रांगोळी आणि पाककृतीच्या जोडीला क्यूबची स्पर्धा ठेवली. खंडेनवमीच्या संध्याकाळी. मी नाव दिलं. अव्वा म्हणाली, "जिंकलीस तर ठेव. हरलीस तर झुंबरबाईच्या नातीला देऊन टाकणार. तिचं वय तरी हाय खेळायचं." झुंबरबाई म्हणजे आमच्या शेजारीण, आणि त्या नेमक्या दारात उभ्या होत्या. "बघा हं शांताक्का, शब्द दिलाय," त्या अव्वाला म्हणाल्या.

खंडेनवमीला सकाळी आंघोळ करून आले तर क्यूब जागेवर नाही. उशा उलट्या केल्या, कपाट उपसलं. शेवटी दुकानात गेले. पाटावर मशीनचं डोकं, कात्री, इस्त्री, टेप अशी सगळी हत्यारं मांडलेली, आणि त्यांच्या रांगेत माझा क्यूब. वर विभूतीचे तीन पट्टे, हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि फटीत अक्षता.

"अव्वा, क्यूब का ठेवलास हितं?"

"का म्हंजे? आमची हत्यारं मांडली, तुझं न्हाई मांडायचं व्हय?"

"संध्याकाळी स्पर्धा हाय माझी!"

तिचा हात तोंडावर गेला. ते तिच्या खरंच ध्यानात नव्हतं. पण पूजा लागली होती, आणि पूजा लागलेलं हत्यार दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत चालवायचं नाही. आमच्याकडं त्या दिवशी सुईत दोरासुद्धा ओवत नाहीत. आप्पा मधे पडले, "खेळणं हाय गं ते, दे की काढून."

अव्वानं माझ्याकडं बघितलं. "तू सांग. खेळणं असंल तर आत्ता काढून देते. खेळण्याला कसली पूजा?"

एक शब्द बोलायचा होता. अख्खं वर्ष तिनं जो मला ऐकवला तोच तिला परत द्यायचा, की क्यूब माझ्या हातात. राग आला, तिचा आला, खंडेनवमीचाही आला. पण जीभ वळेना.

"राहू दे," मी म्हणाले, आणि दार आपटून बाहेर पडले.

संध्याकाळी तालमीचा नवा कोरा क्यूब घेऊन बसले. तो इतका घट्ट की दोन्ही हातांनी पिळावा लागत होता. मधला थर लावताना कचकन अडकला, तो सोडवण्यात पुढचा हेरलेला तुकडाही हरवला. इचलकरंजीचा एक मुलगा जिंकला. मी कितवी आले ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दसऱ्याला सकाळी झुंबरबाई नातीचा हात धरून हजर. "शांताक्का, पोरगी हरली म्हणं. ते चौकोनी देताय न्हवं?"

अव्वानं नुकतीच पूजा हलवली होती. ती फडक्यानं कात्री पुसत होती. मी मागच्या खोलीच्या दारात उभी होते, आणि देते म्हणाली असती तर मी तोंडातून अवाक्षर काढणार नव्हते. हरले होते ना.

"हत्यार कुणाला देत न्हाईत, झुंबरबाई," अव्वा म्हणाली.

"अवो, पण शब्द दिलाता तुमी!"

"खेळणं द्यायचा दिलाता."

झुंबरबाई नातीला ओढत निघून गेल्या. अव्वानं कात्री खाली ठेवली आणि क्यूब उचलला. कुंकू पुसलं, सुईच्या टोकानं फटीतल्या अक्षता एकेक काढल्या आणि मशीनच्या तेलाचे दोन थेंब आत सोडले. मला रडू फुटलं, ते तिनं बघून न बघितल्यासारखं केलं.

"घे. काल कुठं चुकलं ते उसवून बघ आधी," ती म्हणाली, आणि मशीनवर बसली.

मी क्यूब विस्कटला आणि तिच्या शेजारी बसले.